गच्चीवरचं पिंप

वास दुसऱ्या मजल्यापासून सुरू झाला.

आधी मला वाटलं, जिन्यात कुठेतरी उंदीर मरून पडलाय. पण तो वास कोरडा असतो, एका जागी बसून राहतो. हा ओला होता. आंबलेल्या पिठाचा, नासक्या दुधाचा आणि त्याखाली आणखी कशाचा तरी, जो नाकात न थांबता सरळ घशात उतरत होता. मी ओढणी नाकाला लावली आणि तेवढ्यात शिर्केकाकूंचं दार उघडलं.

"आलीस का वैजू? बरं झालं. आता तूच बघ हुंगून. आम्ही बोललो की आम्ही वाईट."

शिर्केकाकू म्हणजे आमच्या साताऱ्याच्या इमारतीतला कायदा. सोसायटीचे चेअरमन त्यांचे यजमान होते, पण सह्यांपुरतेच.

"इतकं असेल असं फोनवर वाटलं नव्हतं, काकू."

"फोनवर कसं वाटेल? फोनला नाक असतं का?" त्यांनी पदर नाकाला लावला होता आणि पदरातूनच त्या बोलत होत्या. "प्रमिलावहिनी होत्या तोवर त्या पिंपाला कधी वास आला नाही हो. छान काळी माती व्हायची. माझ्या मोगऱ्याला द्यायच्या. आणि नानांनी काय करून ठेवलंय त्याचं! उद्या रविवार. उद्या संध्याकाळपर्यंत पिंप गच्चीवरून हललं नाही, तर मीटिंग बोलवावी लागेल. मला वाईटपणा घ्यायला लावू नकोस, बाई."

"बघते मी."

"बघ. आणि हे ने वर." आत जाऊन त्या स्टीलचा डबा घेऊन आल्या. "भरली वांगी. नानांना फार आवडतात."

एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने त्यांनी डबा पुढे केला. बूड अजून गरम होतं. जिन्यातल्या त्या वासात वांग्यांचा मसाला मिसळला.

आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. नाना, माझे वडील, एकटेच राहत होते. हेमंत, माझा धाकटा भाऊ, त्यांना कायमचं हैदराबादला न्यायचं म्हणत होता आणि नाना नाही म्हणत होते. ही इमारत मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर असताना स्वतः उभं राहून बांधून घेतलीय, इथून मी हलणार नाही, एवढंच त्यांचं उत्तर. मग शिर्केकाकांनी हेमंतला फोन केला आणि हेमंतने मला.

"ताई, तू जाऊन बघ. एका पिंपाची ही अवस्था, तर घराची काय असेल? त्यांना एकट्याने जमत नसेल तर स्पष्ट सांग. मी येऊन घेऊन जातो. तू सांगशील ते शेवटचं."

म्हणजे निवाडा माझ्यावर आला होता.

आई गेल्यावर मी बरंच वाचत होते. गेलेल्या माणसांचा मागे काय काय दरवळ उरतो, साड्यांच्या घड्यांत, उशीच्या अभ्र्यात, याबद्दल लोकांनी फार सुंदर लिहून ठेवलं आहे. माझ्या वाट्याला हा आला होता.

नानांनी दार उघडलं. मी घर बघून चकित झाले. फरशी पुसलेली, ओटा कोरडा, वर्तमानपत्रांच्या कडा जुळवून ठेवलेल्या. फक्त नाना कमी झाले होते. पट्ट्याला सुऱ्याने पाडलेली नवी भोकं दिसत होती आणि विजार त्या पट्ट्याभोवती चुण्या पडून लोंबत होती.

"किती वाळलात हो."

"वय आहे ते." त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, झाकण न उघडताच म्हणाले, "वा, भरली वांगी," आणि ओट्यावर कोपऱ्यात ठेवला.

"नाना, पिंप उद्या रिकामं करू आपण."

"रिकामं नको." ते फार पटकन बोलले. "टेम्पोवाल्याला सांगितलंय. आहे तसं उचलून नेईल. झाकणासकट."

"भरलेलं? चार मजले खाली?"

"परवा दोघे येऊन गेले. हललं नाही. आता चौघे आणतो म्हणालाय."

"आणि नेऊन टाकणार कुठे?"

"ते बघू." त्यांनी चहाचं आधण ठेवलं. पाठ माझ्याकडे होती. "झाकण उघडायचं नाही, वैजू. एवढं ऐक माझं."

'ऐक माझं' हे आम्ही जन्मभर ऐकत आलो होतो. त्यात विनवणी मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

रात्री त्यांनी मला वांगी वाढली आणि स्वतः मऊ भात घेतला, वर मेतकूट. दुपारचं जेवण जड झालंय, म्हणाले. मला वांगी गेली नाहीत. खिडक्या लावल्या होत्या, उदबत्ती लावली होती, तरी प्रत्येक घासाला तो वास चिकटून येत होता. सकाळी उठले तर डबा घासून ओट्यावर पालथा घातलेला.

"खाल्लीत?"

"खाल्ली. फर्स्टक्लास झाली होती." आणि ते डबा द्यायला खाली गेले, तिथून दूध आणायला.

मी घमेलं, खुरपं आणि जुनी ताडपत्री घेऊन गच्चीवर गेले.

मला यातलं काही येत नव्हतं. आई बागप्रेमींच्या मंडळात शिकून आली तेव्हा तिने फोनवर मला सगळं सांगितलं होतं आणि मी पुस्तकाची पानं उलटत हं-हं केलं होतं. आदल्या रात्री मोबाइलवर नवशिक्यांसाठीची माहिती वाचली तेव्हा तिचंच बोलणं आठवत गेलं. पिंपाला भोकं पाडायची. तळाशी नारळाच्या शेंड्या. सालं, देठं, चहाचा चोथा, फुलं, अंड्यांची टरफलं. प्रत्येक थरावर ओल्याच्या दुप्पट सुका पाला. आठवड्याला खालीवर करायचं. शिजवलेलं, तेलाचं, दुधाचं घालायचं नाही. मूठ आवळली तर गोळा व्हायला हवा, पाणी गळायला नको. इतकं साधं. यात एवढी घाण होण्यासारखं काय होतं?

झाकणावर दगड होता आणि दगडावरून सुतळी आवळलेली. मी ती कापली.

झाकण उचललं तशी आतून वाफ आली. गरम. कुणीतरी तोंडावर श्वास सोडावा तशी. मी मागे सरले, परत पुढे गेले. वरच्या थरावर पांढरी-करडी बुरशी, कापसासारखी फुललेली. खुरप्याने ती बाजूला केली. खाली भात होता. भात हलत होता. मी नीट वाकून पाहिलं. त्यातला काही भात होता आणि काही आळ्या होत्या, आणि कुठलं काय ते मला सांगता येत नव्हतं.

मग मी विचार करणं सोडलं आणि उपसायला लागले. खुरपं आत जाताना चुबुक असा आवाज करायचं. बाहेर येताना तार धरायची. घमेल्यातून ताडपत्रीवर ओतलं की ते सगळं क्षणभर एकसंध राहायचं, मग हळूच पसरायचं. खालच्या भोकांतून काळं, तेलकट पाणी माझ्या चपलांखाली आलं आणि बोटांच्या बेचक्यांत शिरलं. कोपरापर्यंत हात चिकट झाले. एक आळी मनगटावरून बाहीकडे चालत होती, ती मी झटकली. ओढणीच्या आत माझाच श्वास मला किळसवाणा वाटायला लागला.

आणि मग हळूहळू मला दिसायला लागलं, की यात सालं नाहीतच. देठं नाहीत. पाला तर नावालाही नाही. इडल्या होत्या, हिरव्या पडलेल्या. पोळ्या होत्या, चौघडी घालून ठेवलेल्या, तशाच्या तशा थरावर थर. शिऱ्याचा गोळा. अळूचं फदफदं, जे मुळात दिसतं त्याहून फारसं वेगळं दिसत नव्हतं. आणि काळी पडलेली लांबट काहीतरी फळं, ज्यांच्याभोवती निळा दोरा गुंडाळलेला होता. ती पिचून गेली होती, दोरा मात्र लख्ख होता. भरली कारली.

हा कचरा नव्हता. ही जेवणं होती.

"सांगितलं होतं ना तुला."

नाना जिन्याच्या दारात उभे होते. हातात दुधाची पिशवी.

"नाना, हे काय आहे?"

"तुला दिसतंय ते."

"हे सगळे डबे आहेत? लोकांचे?"

त्यांनी पिशवी कठड्यावर ठेवली. मग पाण्याच्या टाकीला टेकून बसले. "पाळ्या लावल्यात त्यांनी. सोमवारी शिर्के, मंगळवारी मेहेंदळे, मग ते समोरचे, मग खालचे. शनिवारी परत शिर्के. एक दिवस सुटत नाही."

"आणि तुम्ही एकही खाल्ला नाहीत?"

"पहिले काही दिवस प्रयत्न केला. तोंडात फिरत राहायचं. कालची वांगीसुद्धा पिशवीत बांधून मोरीत ठेवलीत, तू होतीस म्हणून."

"मग टाकून द्यायचं कचऱ्यात."

"घंटागाडी येते तेव्हा खाली कोण उभं असतं? ओला-सुका तपासायला?"

"शिर्केकाकू."

"मग?"

मला हसू आलं आणि तोंड उघडल्याबरोबर वास आत गेला. "कुत्र्यांना घालायचं."

"घातलं. त्याच दिवशी मेहेंदळेबाई खिडकीत. 'नाना, आमची पोळी का घातलीत हो?' शिळी होती म्हटलं. 'अहो, सकाळीच दिली की!'"

"नको म्हणून सांगायचं मग सरळ."

"हिला पोचवून आलो आपण, त्या दिवशी कडू घास कुणी आणला होता? शिर्केवहिनींनी. आपल्याकडे चूल पेटवायची नव्हती. पिठलं-भात घेऊन आल्या आणि मी खाईना तर पहिला घास हाताने भरवला मला. त्या हाताला नको म्हणू? आणि म्हटलं, तर पुढचं काय? मग जेवता काय, विचारतील. मऊ भात, मी सांगणार. नाना उपाशी राहतात, त्या हेमंतला कळवणार. की झालं. चला हैदराबाद."

ते उठले, बाह्या सरसावल्या आणि ताडपत्रीपाशी येऊन उकिडवे बसले. मी त्यांना अडवलं नाही. पिंप आडवं करून आम्ही दोघं उपसत राहिलो. ते पोळ्यांचे थर हाताने सोडवत होते, जुन्या नकाशाच्या घड्या सोडवाव्यात तसे. एकदा ते तोंड फिरवून खोकले, बस्स.

जिन्यावर पावलं वाजली तेव्हा आम्ही दोघंही थिजलो.

"अगं बाई, उघडलंत वाटतं! खाली नुसता लोट आलाय." शिर्केकाकू दारातूनच बोलत होत्या. "रात्रभर मला झोप नाही. म्हटलं बघून तरी यावं, घातलंय तरी काय यात."

"काकू, तुम्ही खाली थांबा, मी आलेच," मी मधे उभी राहिले. पण कुणी अडवलं म्हणून थांबणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. पदर नाकाशी दाबून त्या ताडपत्रीच्या कडेला आल्या आणि वाकल्या.

"शिजवलेलं दिसतंय. शिजवलेलं कशाला घालायचं? प्रमिलावहिनी कधी—" त्या थांबल्या. "हा दोरा माझा आहे."

मोकळ्या हाताने त्यांनी खाली बोट दाखवलं.

"निळा दोरा. मशीनवरचा. पांढरा कारल्याला वापरला तर हळदीने पिवळा होतो, खाताना दिसत नाही, म्हणून मी निळा..." त्यांनी पायाच्या अंगठ्याने एक पिचलेलं कारलं जरासं उलटवलं. "ही माझी कारली आहेत."

"काकू, ते शिळं झालं असेल म्हणून—"

"शिळं नव्हतं," नाना म्हणाले. ते उभे राहिले होते. कोपरापासून खाली काळे. "गरमच होतं. मला जात नाही, वहिनी."

"जात नाही म्हणजे?"

"घशाखाली उतरत नाही. तुमचंच नाही, कुणाचंच. ही गेल्यापासून मऊ भात तेवढा जातो."

"आणि कारली?"

"कारली आधीही जात नव्हती."

शिर्केकाकूंनी नाकावरचा पदर काढला. माझ्या मते त्यांना तो लावल्याचा विसर पडला असावा. "चार महिने तुम्ही मला 'फर्स्टक्लास' म्हणत होतात."

"हो."

"मी मेली उन्हात उभी राहून कोवळी कोवळी निवडून आणायचे."

"माहीत आहे मला. म्हणूनच सांगता येईना."

त्या ताडपत्रीकडे बघत राहिल्या. चेहरा लाल झाला होता आणि आता त्या रडतील की ओरडतील, मला अंदाज येईना. "म्हणजे हा वास आमच्याच स्वयंपाकाचा म्हणायचा," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि मी बिल्डिंगभर बोंबलत फिरले." मग एकदम, "उद्यापासून डबा नको?"

"नको, वहिनी."

"भात कुकरला लावता की पातेल्यात?"

"पातेल्यात."

"करपत असेल."

"कधी कधी."

"करपणारच. पुरुषांना धीर नसतो." त्या वळल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "वखारीतून लाकडाचा भुसा आणा दोन पोती आणि यावर ओता. वहिनी तिथूनच आणायच्या. मीटिंगचं मी बघते. आणि हे काय होतं ते कुणाला बोलू नका. त्या मेहेंदळीला तर मुळीच नाही. तिचं अळू बघितलं मी तिकडे. ती बाई आठ दिवस अंथरूण धरेल." शेवटच्या वाक्यात थोडं समाधान होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

त्या गेल्यावर हेमंतचा फोन आला. हात बरबटलेले होते, म्हणून कठड्यावर ठेवलेल्या फोनचं बटण कोपराने दाबलं आणि ओरडून बोलले.

"नाना इथेच राहणार आहेत, हेमंत."

"आणि वास?"

"जाईल वास."

"जेवतात का नीट?"

मी नानांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते. "नाही जेवत," मी म्हणाले. "पण आता तसं सांगतात. मी बोलते तुझ्याशी रात्री."

पिंपाच्या बुडाशी खुरपं अडलं. चिकट थर संपला होता. मी हात आत घालून जे आलं ते उजेडात धरलं. काळी, भुसभुशीत माती. त्यात नारळाच्या शेंड्यांचे धागे आणि अंड्यांच्या टरफलांचे पांढरे ठिपके. मूठ आवळली. गोळा झाला. पाणी आलं नाही. नाकाशी नेली तर कसलाच वास नव्हता. कुंडीला असतो, तेवढाच.

"हे आईचं," मी म्हणाले.

"हो. तिच्या हातचं."

"बघा. ती शिजवलेलं घालत नव्हती ना, म्हणून झालं असं."

नानांनी खुरपं खाली ठेवलं. "घालायची. शेवटी शेवटी."

"आई? काय घालायची?"

"तू यायचीस ना शनिवार-रविवारी," ते म्हणाले आणि थांबले.

मी यायचे. पुण्याहून शनिवारी पहिल्या गाडीने. नाचणीचं सत्त्व, मुगाचं कढण, शिंगाड्याची खीर. चमच्याने भरवायचे. आठवड्याचं करून, डब्यांवर वारांच्या चिठ्ठ्या चिकटवून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. गुरुवारी-शुक्रवारी तिचा फोन यायचा. आवाज बारीक झालेला, पण खुशीत. संपलं हो सगळं. खिरीत वेलची अगदी बेताची पडली होती.

"तिला काहीच जायचं नाही गं," नाना म्हणाले. "तुझ्यासमोर घ्यायची तेवढं घ्यायची, मग तू गेल्यावर उलटी व्हायची. तुझी गाडी सुटली की मला म्हणायची, वर घेऊन जा. एकदम ओतू नका. थोडं थोडं घाला आणि वर दुप्पट पाला घाला, म्हणजे वास येणार नाही, वैजूला कळणार नाही." त्यांनी ताडपत्रीवरच्या त्या ढिगाकडे पाहिलं. "पाल्याचं माझ्या लक्षातून गेलं."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"म्हणायची, मी जेवले असं वाटलं की पोर निर्धास्त जाते. नाहीतर नोकरी सोडून इथे येऊन बसेल."

मी मूठ उघडली. माती होती. त्यात नाचणी कुठे होती, शिंगाडा कुठे होता, मी बोटाने उकरून बघितलं. काही नव्हतं. परत हात घातला, दुसरी मूठ काढली, ती उकरली. तिच्यातही काही नव्हतं. स्वच्छ, थंड माती.

सकाळपासून त्या बुरशीत, त्या आळ्यांत, त्या काळ्या पाण्यात मला एकदाही ओकारी आली नव्हती. त्या मातीपाशी आली. मी कठड्याकडे धावले, पोचले नाही, तिथेच गुडघ्यांवर बसले आणि सगळं बाहेर पडलं. पोटात काही उरलं नाही तरी थांबेना.

नाना मागून आले. लहानपणी धरायचे तसं त्यांनी माझं कपाळ तळहातात धरलं. त्यांचा हात ओला होता, चिकट होता, आणि त्याला त्या सगळ्याचा वास येत होता.

"थांब, हात धुऊन येतो," ते म्हणाले.

मी त्यांचं मनगट सोडलं नाही.